त्रिदल नारिंग : एक अनुक्त द्रव्य आणि बिल्वाशी त्याचे साम्य-भेद

प्रास्ताविक

जगात औषध नाही असे कोणतेही द्रव्य नाही, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण सर्व जण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो आहोत. या सिद्धांताचा उत्तरार्ध मात्र बहुधा विस्मरणात जातो. द्रव्य औषध ठरते ते युक्ती आणि प्रयोजन लक्षात घेऊन. केवळ ते अस्तित्वात आहे म्हणून नव्हे. परदेशातील वनौषधींची माहिती आज वैद्यांपर्यंत आणि रुग्णांपर्यंतही सहज पोहोचते. अशा वेळी ग्रंथात न आलेल्या, म्हणजेच अनुक्त द्रव्यांचा विचार कोणत्या पद्धतीने करावा, हा प्रश्न प्रत्येक चिकित्सकापुढे आणि औषध निर्मात्यापुढे कधी ना कधी उभा राहतोच.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका द्रव्याचा परिचय करून देत आहोत. ही वनस्पती लिंबाच्या कुळातील असून कडाक्याच्या थंडीत तग धरणारी, तीक्ष्ण काट्यांची आणि बेलाप्रमाणे त्रिदल पानांची आहे. तिचे शास्त्रीय नाव पॉन्सिरस ट्रायफोलिएटा. आपल्या भाषेत तिला रूढ नाव नसल्याने सोयीसाठी या लेखापुरते आम्ही तिला ‘त्रिदल नारिंग’ म्हटले आहे. हे नाव आम्ही योजलेले आहे, शास्त्रोक्त नव्हे, याची वाचक वैद्यबंधूंनी नोंद घ्यावी. या द्रव्याच्या अभ्यासाचे विशेष प्रयोजन असे की, रूपाने ते बिल्वाच्या जवळचे आहे आणि कर्माने मात्र बिल्वाच्या जवळजवळ विरुद्ध टोकाचे आहे.

नाम व कुल

लिनियसने इ. स. १७६३ मध्ये या वनस्पतीचे वर्णन सिट्रस ट्रायफोलिएटा या नावाने केले. पुढे १८३८ मध्ये राफिनेस्क याने तिच्यासाठी पॉन्सिरस ही स्वतंत्र प्रजाती मानली. आता काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पुन्हा सिट्रस प्रजातीतच घालतात. म्हणून दोन्ही नावे वाचनात आली तरी वनस्पती एकच आहे असे समजावे.

आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ते तिचे तिसरे, आता मागे पडलेले नाव. दि कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये तिला ‘एगल सेपियारिया’ असे नाव दिले होते. एगल ही प्रजाती म्हणजे आपल्या बिल्वाचीच प्रजाती. बिल्वाचे नाव एगल मार्मेलॉस. सेपियारिया या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कुंपणाचा’. म्हणजे एका मान्यवर शास्त्रज्ञालाही ही वनस्पती ‘कुंपणाचे बेल’ वाटली होती. ग्रीक पुराणकथेत सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या हेस्पेरिडीस नावाच्या अप्सरा आहेत. त्यांपैकी एकीचे नाव एगल. लिंबूवर्गीय फळांना हेस्पेरिडियम म्हणतात तेही याच कथेवरून.

कुल : रुटेसी. निंबूक, जंबीर, मातुलुंग, नारंग, बिल्व व कपित्थ ही आपली सर्व परिचित द्रव्ये याच कुळातील आहेत. चीनमध्ये या वनस्पतीस ‘झी’ व जपानमध्ये ‘काराताची’ म्हणतात. जपानी नावाचा अर्थ ‘चीनकडून आलेले ताचिबाना’ असा असून ताचिबाना हे तेथील मूळचे एक लहान नारिंग आहे.

स्वरूप

साधारणतः अडीच ते पाच मीटर उंचीचे हे झुडूप किंवा लहान झाड असते. फांद्या हिरव्या, कोनदार व काहीशा चपट्या असून पानगळ झाल्यावरही हिरव्याच राहतात. काटे सरळ, बळकट, तळाशी चपटे व तीन ते पाच सेंटीमीटर लांब असतात. लिंबूवर्गातील आपली बहुतेक झाडे सदापर्णी आहेत. ही वनस्पती मात्र हिवाळ्यात संपूर्ण पानगळ करते. तिच्या शीतसहिष्णुतेचे हे एक प्रमुख कारण होय. पूर्ण विश्रांत अवस्थेत ती उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही सोसते. संत्रे किंवा लिंबू अशा थंडीत मुळापर्यंत जळून जाते.

पान तीन पर्णिकांचे असते. पर्णिका देठरहित असून मुख्य देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंख असतात. वसंतात पाने येण्यापूर्वीच उघड्या फांद्यांवर पांढरी, पाच पाकळ्यांची फुले उमलतात. फळ तीन ते पाच सेंटीमीटर व्यासाचे, गोल, पिकल्यावर पिवळे व सुगंधी असून सालीवर मखमलीसारखी बारीक लव असते. आत सहा ते आठ फोडी, अल्प रस आणि पुष्कळ बिया. चव अत्यंत आंबट व कडू असल्याने फळ तसेच खाण्याजोगे नसते. सालीचा व गराचा साखर घालून मुरंबा मात्र करतात.

उत्पत्तिस्थान व देशविचार

चीनचा मध्य व उत्तर भाग हे या वनस्पतीचे मूळ स्थान. कोरिया व जपानमध्ये ती फार पूर्वीपासून लावली जाते. अमेरिकेत ती कुंपणासाठी आणि कलमांच्या खुंटासाठी नेण्यात आली. तेथील आग्नेय राज्यांत ती बागेबाहेर पसरून आज रानटी उपद्रवी झुडूप म्हणूनही ओळखली जाते. भारतात ती नैसर्गिक नाही. येथे तिचे स्थान मुख्यत्वे उद्यानविद्येच्या संशोधन केंद्रांतील खुंटांच्या संग्रहात आहे.

चिनी परंपरेत या वनस्पतीसंबंधी एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील ची राज्याचा मंत्री यान यिंग याच्या नावावर तो सांगितला जातो. हुआय नदीच्या दक्षिणेस लावलेले गोड नारिंग उत्तरेस लावले की कडू ‘झी’ होते. पाने सारखी दिसली तरी रस बदलतो, कारण पाणी आणि माती वेगळी, असा त्याचा आशय. आपल्या शास्त्रातील देशविचाराशी हा दृष्टांत किती जुळतो हे वेगळे सांगावयास नको. जांगल व आनूप देशांतील द्रव्यांच्या वीर्यात फरक पडतो, हे आपणही मानतो.

तथापि येथे एक विवेक करणे अवश्य आहे. देशामुळे द्रव्याचे गुण कमी-अधिक होतात, पण त्याची जाती बदलत नाही. गोड नारिंग व झी या दोन भिन्न वनस्पती आहेत. नदी ओलांडल्याने एकीची दुसरी होत नाही. आजच्या बागायतदारास मात्र या दृष्टांतासारखे दृश्य प्रत्यक्ष पाहावयास मिळते. त्रिदल नारिंगाच्या खुंटावर संत्र्याचे कलम बांधलेले असते, कडक थंडीत वरचे संत्रे मरते आणि खालचा खुंट फुटतो. वर्षभरात संत्र्याच्या जागी काटेरी झी उभे! ज्याला कलमाची माहिती नाही त्याला झाडच बदलले असे वाटेल. द्रव्य-परीक्षेत मुळाशी जाऊन पाहावे लागते, ते यासाठीच.

चिनी व कोरियन वैद्यकातील उपयोग

चिनी वैद्यकातील ‘झीशी’ हे अपक्व फळ अतिप्राचीन असून ‘शेन्नोंग बेन्त्साओ जिंग’ या त्यांच्या आद्य निघंटूत त्याचा उल्लेख आहे. उन्हाळ्याच्या आरंभी गळून पडलेली कोवळी फळे गोळा करतात, मोठी असल्यास आडवी कापून दोन भाग करतात व वाळवितात. त्याहून मोठे झालेले, पण अद्याप हिरवे असलेले फळ तशाच रीतीने वाळविले की त्यास ‘झीच्याओ’ म्हणतात. अकराव्या शतकातील विद्वान शेन कुओ याने याविषयी मार्मिक टिपण केले आहे. प्राचीन योगांत केवळ झीशीच आढळते, आणि लहान व मोठ्या फळांचा भेद करून दोन स्वतंत्र द्रव्ये मानणे हे पुढच्या काळातील आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या द्रव्यांचे मुख्य कर्म चिनी परिभाषेत ‘अवरुद्ध ची मोडून काढणे’ व संचित कफ विरघळविणे असे सांगतात. आध्मान, उदरात जडपणा, मलावष्टंभ, अन्न पुढे न सरकल्याची भावना या लक्षणांत ते वापरले जाते. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग याच्या प्रसिद्ध विरेचन योगात रेवंदचिनी, सोडियम सल्फेट व मॅग्नोलियाची साल यांच्या जोडीला झीशी आहे. काढ्यातील त्याची रूढ मात्रा तीन ते दहा ग्रॅम आहे. तीव्रता सौम्य करण्यासाठी ते गव्हाच्या कोंड्यात परतून घेण्याची प्रथा आहे. आपल्या संस्कार-संकल्पनेशी तिचे साधर्म्य उघड आहे.

आता यातील मुख्य गुंता पाहू. आज चीनच्या अधिकृत औषधकोशात झीशी म्हणून जे द्रव्य मान्य आहे ते त्रिदल नारिंगाचे नाही. ते कडू नारिंग (सिट्रस ऑरेन्शियम) व गोड नारिंग यांचे अपक्व फळ आहे. कोरियात मात्र त्याच चित्राक्षरांनी लिहिले जाणारे ‘जिशिल’ हे त्रिदल नारिंगाचेच अपक्व फळ असून तेथे ते पचनविकारांत व ॲलर्जीजन्य त्वचाविकारांत वापरतात. म्हणजे नाव एक, लिपीतील अक्षरे एक, परंतु द्रव्ये भिन्न. रास्ना, ब्राह्मी, पाषाणभेद, शंखपुष्पी यांच्याबाबत आपल्याकडे जो संदिग्धतेचा प्रश्न आहे, तोच तेथेही आहे, हे यावरून ध्यानात येईल. एखाद्या ग्रंथात किंवा शोधनिबंधात ‘झीशीने अमुक गुण आला’ असे वाचले, तर प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच की, कोणत्या झाडाची झीशी?

रासायनिक संघटन

त्रिदल नारिंगाच्या फळात पॉन्सिरिन व नारिंजिन हे कडू चवीचे फ्लॅव्होनॉइड घटक, लिमोनिन हा कडू घटक, ऑराप्टिन, इम्पेरेटोरिन व बर्गाप्टेन ही कुमारिन वर्गातील द्रव्ये आणि सालीत सुगंधी तेल असते. पॉन्सिरिन हे नाव या वनस्पतीच्याच प्रजातीवरून पडले आहे.

यांपैकी इम्पेरेटोरिनकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. बिल्वफळातील ज्या घटकास आपण पाठ्यपुस्तकात ‘मार्मेलोसिन’ म्हणून शिकलो, तो आणि इम्पेरेटोरिन रासायनिक दृष्ट्या एकच आहेत. बिल्व आणि त्रिदल नारिंग या दोहोंत हा घटक आढळतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, घटक समान असला म्हणून द्रव्याचे समग्र कर्म समान असते असे नव्हे. दुसरी, प्रयोगशाळेत केवळ याच एका घटकाच्या आधारे ‘हे बिल्वच आहे’ असा निर्णय देणे सुरक्षित नाही.

कोरियात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत अपक्व फळाच्या जलीय अर्काने आतड्यांतील पदार्थ पुढे सरकण्याची गती वाढल्याचे दिसून आले आहे. पारंपरिक उपयोगाशी हे सुसंगत आहे. परंतु प्राण्यांवरील प्रयोग म्हणजे रुग्णावरील अनुभव नव्हे, हे विसरता कामा नये.

द्रव्यगुणदृष्ट्या विचार

अनुक्त द्रव्याचे गुणधर्म ठरविताना रस हा जिभेने, विपाक व कर्म हे परिणामाने आणि वीर्य हे निपात व अधिवास या दोहोंनी जाणावे, अशी आपली पद्धती आहे. ती अनुसरून आम्ही पुढील विचार मांडतो. तो अनुमान आहे, निर्णय नव्हे.

रस : अपक्व फळात तिक्त प्रधान, अम्ल व कटू अनुरस. पक्व फळात अम्ल प्रधान, तिक्त अनुरस.
गुण : लघु, तीक्ष्ण.
कर्म : दीपन, अनुलोमन, मात्रा वाढविल्यास भेदन; कफविलयन.
दोषप्रभाव : कफ व आवृत वात यांवर अनुकूल, क्षीणधातू रुग्णात वातप्रकोपाची शक्यता.

वीर्याबाबत आम्ही मुद्दाम काही लिहिलेले नाही. चिनी वैद्यक झीशीस ‘किंचित शीत’ म्हणते. परंतु त्यांची शीत-उष्णता आणि आपले वीर्य या एकच संकल्पना नव्हेत. दुसऱ्या शास्त्रातील शब्द उचलून आपल्या चौकटीत बसविणे सोपे असते. पण त्यामुळे द्रव्याचे ज्ञान वाढत नाही, केवळ वाढल्याचा भास होतो. विपाकासही हीच मर्यादा लागू आहे.

आता बिल्व पाहावे. फळे सामान्यतः पक्व असताना गुणकारी असतात. बिल्व याला अपवाद असून त्याचे अपक्व फळच श्रेष्ठ मानले आहे. बालबिल्व कषाय-तिक्त, उष्ण, दीपन, पाचन व ग्राही असून अतिसार, प्रवाहिका व ग्रहणी यांतील ते आपले विश्वासाचे द्रव्य आहे. त्रिदल नारिंगाचेही अपक्व फळच औषधी आहे आणि तेही दीपन आहे. पण ते ग्राही नाही, तर मल पुढे ढकलणारे आहे. सारांश, दोहोंची पाने तीन, दोहोंना काटे, दोहोंचे कोवळे फळ वाळवून वापरतात. आणि एक मलाला बांधते, दुसरे मलाला हलविते. ग्रहणीच्या रुग्णास एकाऐवजी दुसरे दिल्यास काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

एक प्रसंग

हा भेद केवळ पुस्तकी नाही. आमच्याकडे जीर्ण ग्रहणीसाठी उपचार घेणारे एक वृद्ध गृहस्थ काही महिन्यांसाठी अमेरिकेत मुलाकडे गेले होते. सोबत नेलेले बिल्वादी चूर्ण संपत आल्यावर मुलाने आम्हांस दूरध्वनी केला. “वैद्यराज, इथे आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाला बेल आहे. तीन पानं, काटे, सगळं तसंच. सोमवारी आई त्याचीच पानं महादेवाला वाहते. त्याची कोवळी फळं कापून वाळवली, तर बाबांना चालतील ना?” असे त्यांनी विचारले.

हिवाळ्यात तेथे गुडघाभर बर्फ पडतो, असे ते स्वतःच सांगत होते. अशा ठिकाणी बेल उघड्यावर टिकणार नाही, एवढ्यावरूनच शंका आली. फळावर लव आहे का, पानाच्या देठाला पंख आहेत का, फळ कापल्यावर संत्र्यासारख्या फोडी दिसतात का, हे तीन प्रश्न आम्ही विचारले. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले. फळे न देण्याविषयी आम्ही सांगितले आणि तोपर्यंत ताक, सुंठ व पथ्य यांवर भागवून चूर्ण येथून पाठविण्याची व्यवस्था केली. पूजेसाठी कोणती पाने वाहावीत हा श्रद्धेचा प्रश्न असून त्यात आम्ही पडलो नाही. औषधाच्या बाबतीत मात्र भाव पुरत नाही, तेथे द्रव्यच लागते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचे असे दूरध्वनी बहुतेक वैद्यांना येत असतील. त्यांनी सांगितलेल्या वनस्पतीच्या नावावर विसंबून न राहता स्वरूप विचारावे, शक्य तर पान, फूल, अखंड फळ आणि कापलेले फळ यांची छायाचित्रे मागवावीत, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

बिल्व व त्रिदल नारिंग : व्यवच्छेदक लक्षणे

१) पान : बिल्वाच्या देठास पंख नसतात व मधल्या पर्णिकेस स्वतःचा लांब देठ असतो. त्रिदल नारिंगाच्या देठास अरुंद पंख असतात व पर्णिका देठरहित असतात.

२) फळाची साल : बिल्वाचे कवच गुळगुळीत, कठीण व लाकडासारखे. त्रिदल नारिंगाची साल मऊ, तैलग्रंथींच्या खळग्यांची व लवयुक्त. वाळल्यावरही नख लावले तर लिंबासारखा वास येतो.

३) अंतर्भाग : बिल्वात मगज अखंड, वाळल्यावर नारिंगी-तांबूस व डिंकासारखा चिकट. त्रिदल नारिंगात मध्यभागी पांढरा गाभा व त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या फोडी.

४) बीज : बिल्वाचे बीज लोकरीसारख्या केसांनी आच्छादित व पारदर्शक चिकट द्रवात बुडालेले. त्रिदल नारिंगाचे बीज गुळगुळीत, लिंबाच्या बीसारखे.

५) आकार : वाळलेले त्रिदल नारिंग बहुधा लहान अर्धगोल तुकड्यांच्या रूपात असते. बेलकाचरी मोठ्या, अनियमित कापांत व कवचाच्या तुकड्यांसह येते.

६) पाण्यात भिजविल्यास : बिल्वाचा मगज फुगून बुळबुळीत होतो. त्रिदल नारिंगाचे पाणी कडू व सुगंधी होते.

बिल्वात कपित्थाचे फळ व मँगोस्टीनची साल यांची भेसळ होते, हे औषधी-अभिज्ञानाच्या ग्रंथांत पूर्वीपासून नमूद आहे. त्यांच्या परीक्षेतही वरील क्रमांक ३ व ४ ची लक्षणे उपयोगी पडतात.

उद्यानविद्येतील उपयोग

या वनस्पतीचा जगातील सर्वांत मोठा उपयोग औषधी नसून खुंट म्हणून आहे. जपानमधील सात्सुमा संत्र्यांची कलमे परंपरेने याच खुंटावर बांधतात. अमेरिकेतील फ्लोरिडात १८९४-९५ च्या हिवाळ्यात थंडीने लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर स्विंगल व वेबर या शास्त्रज्ञांनी १८९७ पासून गोड नारिंगाशी या वनस्पतीचा संकर सुरू केला. थंडी सोसणारे गोड फळ काही त्यातून हाती आले नाही. पण ट्रॉयर व कॅरिझो यांसारखे उत्कृष्ट संकरित खुंट या वाटेवरील पुढील प्रयत्नांतून मिळाले. विसाव्या शतकात ट्रिस्टेझा विषाणूने दक्षिण अमेरिकेत कडू नारिंगाच्या खुंटावरील लक्षावधी झाडे मारली. त्रिदल नारिंग या विषाणूस, मूळकूज व डिंक्या घडविणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीस आणि लिंबूवर्गीय सूत्रकृमीस चांगला प्रतिकार करते.

विदर्भातील संत्रा उत्पादकांना डिंक्याची झळ परिचयाची आहे. तेथे संत्र्याची कलमे प्रामुख्याने जंबेरी व काही प्रमाणात रंगपूर लाईम या खुंटांवर बांधली जातात. मग इतका प्रतिकारक्षम खुंट तेथे का रुळला नाही? कारण त्रिदल नारिंगास चुनखडीयुक्त, विम्ल व क्षारयुक्त जमीन मानवत नाही. अशा जमिनीत लोह न मिळाल्याने त्यावरील कलमाची पाने पिवळी पडतात. विदर्भातील अनेक काळ्या जमिनींचा स्वभाव नेमका असाच आहे. एका देशात अमृत ठरलेले द्रव्य दुसऱ्या देशात निरुपयोगी ठरते, हा देशविचाराचा खरा अर्थ. तो नदी ओलांडताच जाती पालटण्याच्या दृष्टांतापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

सावधानी

१) ग्रेपफ्रूट व कडू नारिंग यांच्या रसातील फ्युरॅनोकुमारिन द्रव्ये आतड्यातील सीवायपी ३ए४ या एन्झाइमचे कार्य मंदावतात. त्यामुळे फेलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूटमुळे सिम्व्हास्टॅटिनसारख्या औषधांचेही वाढते. त्रिदल नारिंगात याच वर्गातील इम्पेरेटोरिन व बर्गाप्टेन आहेत. अशी औषधे चालू असलेल्या रुग्णाने लिंबूवर्गीय फळांचे अर्क स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आधुनिक औषधांची यादी विचारल्याखेरीज कोणत्याही वैद्याने अनुमतीही देऊ नये.

२) अमेरिकेत २००४ साली एफेड्रायुक्त आहारपूरकांवर बंदी आल्यावर वजन घटविण्याच्या उत्पादनांत कडू नारिंगाच्या अपक्व फळाचा अर्क मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्यातील सिनेफ्रिन हे द्रव्य नाडीची गती व रक्तदाब वाढवू शकते. हृद्रोगी व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी अशी उत्पादने टाळावीत. ‘हे फळच आहे, त्याने काय होणार’ हा युक्तिवाद ग्राह्य नाही. द्रव्याचा अर्क केला की मात्रा बदलते, आणि मात्रा बदलली की द्रव्यही बदलते.

३) चिनी वैद्यकही गर्भिणी व दुर्बल रुग्ण यांच्या बाबतीत झीशी जपून वापरण्यास सांगते.

४) बर्गाप्टेनसारख्या घटकांमुळे लिंबूवर्गीय सालीचा रस त्वचेस लागून नंतर ऊन लागल्यास दाह व काळे डाग संभवतात. काट्यांची जखमही उपेक्षणीय नाही.

औषध निर्मात्यांसाठी

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक औषध म्हणजे प्रथम अनुसूचीतील प्रमाण ग्रंथांत वर्णिलेल्या योगानुसार बनविलेले औषध. स्वामित्वाच्या अर्थात प्रोप्रायटरी योगातही केवळ त्या ग्रंथांतील योगांत आलेलीच घटकद्रव्ये चालतात. त्रिदल नारिंग या ग्रंथांत नाही. त्यामुळे ‘बिल्वाच्या जातीचे’ किंवा ‘नारंगाचा प्रकार’ म्हणून ते कोणत्याही आयुर्वेदिक योगात घालता येणार नाही, आणि घातले तर आवरणावरील वनस्पतीचे नाव असत्य ठरेल.

प्रतिनिधी द्रव्याचा आधारही येथे मिळत नाही. एका द्रव्याच्या अभावी दुसरे घ्यावे, हे शास्त्राने सांगितले आहे. पण ते रस, वीर्य, विपाक व कर्म यांचे साम्य पाहून. पानांची संख्या पाहून नव्हे. बेलकाचरी खरेदी करताना प्रत्येक खेपेतून नमुना घेऊन वर दिलेली लक्षणे प्रत्यक्ष पाहावीत. काप मिळतील तोवर चूर्ण विकत घेऊ नये, कारण चूर्णात कवच, बीज व फोडी यांची ओळख पुसली जाते. रासायनिक परीक्षण करावयाचे झाल्यास एका घटकावर न थांबता प्रमाणित बिल्वाच्या नमुन्याशी संपूर्ण पट्टलेख ताडून पाहावा.

उपसंहार

अनुक्त द्रव्यांना आयुर्वेदाची दारे बंद आहेत, असे आमचे म्हणणे नाही. चोपचिनी हे चीनकडून आलेले मूळ गोव्यात पोर्तुगीज काळात प्रसिद्ध होते. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. त्याच शतकात भावमिश्रांनी फिरंग रोगाच्या चिकित्सेत त्यास स्थान दिले आणि द्वीपांतरवचा हे नाव दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांनी ते वचा म्हणून वचेच्या योगांत मिसळले नाही. स्वतंत्र नाव, स्वतंत्र गुण आणि स्वतंत्र प्रयोजन सांगून त्याचा स्वीकार केला. नवे द्रव्य स्वीकारण्याची हीच सरळ वाट होय.

त्रिदल नारिंगाचेही असेच आहे. अनुलोमनासाठी आपल्याकडे हरीतकी, मातुलुंग, यवानी, हिंगू आदी द्रव्ये विपुल असताना आज त्याची उणीव भासत नाही. पुढे कोणी त्याचा पद्धतशीर अभ्यास करून त्याचे गुण निश्चित केले, तर ते स्वतःच्या नावाने येईल. तोपर्यंत त्याचा परिचय आपणांस हवा तो त्याला वापरण्यासाठी नव्हे, तर बिल्व म्हणून ते आपल्या रुग्णाच्या पोटात जाऊ नये यासाठी. नावाने व रूपाने औषधी ओळखणारे वनात पुष्कळ असतात. योजना जाणणारा तो वैद्य, हे चरकांचे सांगणे आहे. पण ज्याची ओळखच चुकली, त्याची योजना कितीही कुशल असली तरी व्यर्थ होय.

वैद्यबंधूंनी आपल्या परिसरातील उद्यानात अथवा संशोधन केंद्रात ही वनस्पती आढळल्यास तिचे पान बिल्वपत्राशेजारी ठेवून विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावे, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो. अस्तु.